उजवीकडचा मागचा दरवाजा

दरवाजा कुणी रंगवला? नाही, मला एवढंच सांगा, बाकी काही नको... उजवीकडचा मागचा दरवाजा कुणी रंगवला? दहा दिवस, तुम्हाला सांगतो, दहा दिवस मी हा एकच प्रश्न घेऊन गावभर फिरलो, पाद्रीबाबांपासून ते पत्रा ठोकणाऱ्या सांदूपर्यंत, आणि एक माणूस, एक माईचा लाल मला उत्तर देईल तर शपथ! तुम्ही कलिंगडं बघा, वाजवून बघा, घाई नाही, माझं तोंड चालू असलं तरी हात तराजूवर आहे. तुम्ही क्रायोव्हा शहराकडचे दिसता, आमच्या गावचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. गावात हे मी कुणाला बोललेलो नाही, आणि बोलणारही नाही.

गाडी आमच्या ताईची. ओर्तान्सा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, एकतीस वर्षांची, जुलैत गेली. नाही नाही, गाडीत नाही! सगळे आधी हेच विचारतात! गाडी अंगणात उभी होती, धुतलेली, आणि ताई स्वयंपाकघरात मिरच्या भाजत होती, म्हणाली, "फानेल, डोकं दुखतंय रे," आणि खुर्चीवर बसली, आणि... डॉक्टर म्हणाला, डोक्यातली नस. एवढ्या धडधाकट बाईची नस! मी डॉक्टरची कॉलर धरली, म्हटलं, का? का म्हणून? पण ते जाऊ द्या, मी दरवाजाचं सांगत होतो.

ताई केस कापायची. दुकान नाही काही, घरोघर जायची, कात्री, कंगवे आणि रंगाच्या बाटल्या सायकलला लावून, या गावातून त्या गावात, आणि दिवसभर उभं राहून घरी आली की पाय टबात घालून बसायची. मग एकदा म्हणाली, गाडी घेऊ. आई म्हणाली, बाईमाणसाला कशाला गाडी, झाडावर घालशील! ताई म्हणाली, लायसन काढीन. काढलं. तिसऱ्या खेपेला काढलं, पण काढलं! मी? मी चार वेळा बसलो लेखी परीक्षेला. प्रश्न वाचून होईपर्यंत घंटा व्हायची. ते सोडा.

तर आईने शेवटी आमची गाय विकली, जोयाना, गुरुवारी, म्हणजे आमच्या 'जोय'ला जन्मली म्हणून जोयाना, आणि त्यात ताईने आपलं टाकलं, आणि ईस्टरच्या आधी आम्ही क्रायोव्हाच्या वेशीवर गाड्या विकणाऱ्या व्हिओरेलच्या आवारातून गाडी आणली. जुनी, पण आमच्यासाठी कोरी करकरीत! निळी, लांब ढुंगणाची, जर्मनीहून आलेली. व्हिओरेल छातीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, एका जर्मन आजोबांची आहे, रविवारी चर्चला जाण्यापुरती काढायचे." आता मला सांगा, जर्मनीत आजोबा किती, आणि त्यांची चर्चं किती लांब, की प्रत्येकाची गाडी दोन लाख किलोमीटर धावते? पण आम्ही घेतली. आणि आईने अंगणात सगळ्यांसमोर अट घातली, "ओर्तान्सा, माझी जोयाना गेलीय या पत्र्यासाठी. एक ओरखडा दिसला ना, त्या दिवशी ही गाडी परत जाईल आणि माझी गाय परत येईल!" आणि बोलून थांबली का? रोज संध्याकाळी कोंबड्या कोंडायच्या आधी गाडीभोवती एक फेरी. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसतं अर्धंमुर्धं, म्हणून हात फिरवायची, गाईच्या पोटावरून फिरवावा तसा. "ओरखडा?" "नाही, आई." "शपथ?" "शपथ, आई." रोज! मला तर वाटायचं, आता ही दूध काढायला खाली बसते की काय.

आणि मग ताई गेली, आणि गाडी राहिली.

आमच्याकडे पोमाना करतात. गेलेल्या माणसाच्या नावाने द्यायचं. इथे जे दुसऱ्याच्या हातात द्याल ते तिकडे त्याला मिळतं. कप दिला, कप मिळाला. चादर दिली, चादर मिळाली. चाळिसाव्याला सगळ्यात मोठं दान, कारण चाळीस दिवस माणूस घरातच असतो, फिरत असतो, ऐकत असतो, आणि चाळिसाव्याला निघतो. तिसाव्या दिवशी आई सकाळी उठली, डोक्याला काळा रुमाल बांधला आणि म्हणाली, "गाडी द्यायची."

मी म्हटलं, "कुठे?"

"पोमानाला. पेत्रुत्साला द्यायची. तिच्याच वयाची, तिचीच मैत्रीण, तिच्याच बरोबर केस कापत फिरायची. तिच्या हातात दिली की ओर्तान्साला पोचली. तिकडे काय पायी फिरेल माझी पोर? पाय किती दुखायचे तिचे."

यावर काय बोलणार तुम्ही? मी म्हटलं, द्यायची. पण पुढचं ऐका. पोमानाला तुटकं देत नाहीत. कपाचा कान उडालेला असला की तिकडे तिलाही कान उडालेलाच कप. आई टेबलाशी बसली होती, चाळीस कप समोर, एकेक उचलून बोटाने कड चाचपत होती, आणि ज्याची कड जराशी खरखरीत लागली तो बाजूला. सहा कप बाजूला. नवेकोरे! मी म्हटलं, आई, एवढी कड कोण बघतं तिकडे? आई म्हणाली, "मी बघते."

म्हणून मी गाडी धुवायला घेतली. साबण, बादली, ताईचीच जुनी टोपी घालून. ऊन तिरपं पडलेलं. आणि मला दिसलं... उजवीकडचा मागचा दरवाजा जास्त निळा! पुढचा दरवाजा निळा, डिकी निळी, आणि हा... हा निळा म्हणजे लग्नाला निघालेला निळा! मी पुसला. कोरडा केला. चार पावलं मागे गेलो, पाच पावलं मागे गेलो, कोंबडीवर पाय पडला. तरी निळाच! पळत घरात गेलो, फ्रिजवरचं चुंबक आणलं, ताईने स्पेनहून आणलेलं, बैलाचं. पुढच्या दरवाजाला लावलं, चिकटलं. डिकीला लावलं, चिकटलं. या दरवाजाला लावलं... टप्प! बैल चिखलात! पुन्हा लावलं. टप्प! म्हणजे आत पत्रा नाहीच, पुट्टी! मक्याच्या मामालिगेवर चीज थापावं तशी बोटभर पुट्टी, आणि वरून रंग! आली का गंमत? ताई तिकडे वर गाडीत बसणार, आणि तिच्या गाडीला असा थापलेला दरवाजा! पावसात फुगला तर? गळून पडला तर? तिकडे कुठे सांदू आहे दुरुस्त करायला? दरवाजा कुणी रंगवला?

मी गेलो गोगूकाकांकडे. गोगूकाका म्हणजे आमच्या शेजारचे, ट्रॅक्टरवर आयुष्य काढलेलं, आणि त्यांच्याकडे ते मशीन आहे, रंगाची जाडी मोजायचं. गावात कुणाचीही गाडी येऊ दे, माणूस उतरायच्या आधी गोगूकाका मशीन घेऊन हजर, जावयाची गाडी आली तर जावयाच्या आधी गाडीला भेटतात. म्हटलं, "काका, मशीन घ्या आणि चला!" आणि पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा गोगूकाका म्हणाले, "आज नको. कंबर धरलीय."

कंबर धरलीय! मी ओढत आणलं. पुढचा दरवाजा मोजला, एकशे दहा. "उत्तम!" बॉनेट, एकशे पंधरा. "उत्तम!" डावीकडची सगळी बाजू मोजली, छत मोजलं, माणूस शिडीवर चढला कंबर धरलेली असताना, आणि त्या दरवाजाशी आल्यावर मशीन खिशात. "यावर ऊन आहे. उन्हात आकडा खोटा येतो." मी मशीन हिसकावलं आणि दाबलं. आठशे सत्तर! मी ओरडलो, "काका! ईस्टरला तुम्हीच मोजली होती ना ही सगळी? तेव्हा म्हणालात, शेंडीपासून शेपटीपर्यंत स्वच्छ आहे!"

काका म्हणाले, "तेव्हा बॅटरी उतरली होती."

"बॅटरी उतरली की आकडा चांगला येतो?"

"कधी कधी येतो," काका म्हणाले आणि आधी वर आमच्या छपराकडे बघितलं, मग छातीवर क्रूस केला, मग बुटांकडे बघितलं. "फानेल, पोरा, असू दे की. दहा दिवस थांब. चाळीस होऊ दे, मग बोलू."

चाळीस झाल्यावर काय बोलू? चाळीस झाल्यावर गाडी वर गेलेली असेल!

आता मला कोण दिसणार डोळ्यांसमोर? व्हिओरेल! जर्मन आजोबा! मी म्हटलं, चला क्रायोव्हाला. गाडी काकांनी चालवली, आणि वाटभर, प्रत्येक गावाच्या पाटीपाशी, "परत जाऊ या का?" "नाही!" "उगाच त्या माणसाला..." "नाही!" "ऊन फार आहे..." "काका, गाडी हाणा!" मी आवारात शिरलो तोच बोंबलत. तिथे तीन गिऱ्हाईकं उभी होती, त्यांतल्या दोघांनी तिथूनच काढता पाय घेतला. म्हटलं, "भामट्या, हा दरवाजा कुणी रंगवला?"

व्हिओरेल सूर्यफुलाच्या बिया खात होता, त्याने साली थुंकल्या आणि म्हणाला, "बाळा, माझ्या मुलांची शपथ, मी नाही."

"तुला मुलं आहेत?"

"होतील की!"

मग त्याने फोन काढला. फोटो! ईस्टरचे! गाडीच्या चारी बाजूंचे, आणि त्या दरवाजासमोर आमची ताई उभी, लाल स्कार्फ, हात असे कमरेवर. दरवाजा पुढच्या दरवाजाइतकाच निळा. ना जास्त, ना कमी. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, मग मला दरवाजा दिसेनाच, ताईच दिसायला लागली. तिच्या गालावरचा तो तीळ... मी म्हटलं, "ऊन असेल त्या दिवशी." व्हिओरेल म्हणाला, "ही बाई मला आठवते रे! इथे याच खुर्चीवर मला बसवलं, म्हणाली किंमत कमी कर, मी म्हटलं नाही, तर पिशवीतून कात्री काढून माझे केस कापायला लागली. अर्धं डोकं कापलं आणि थांबली! म्हणाली, उरलेलं कमी केल्यावर. कशी आहे ती?"

मी सांगितलं.

व्हिओरेलने टोपी काढली. बिया खिशात टाकल्या. तुम्हाला सांगतो, गाड्या विकणारा माणूस गप्प बसलेला मी तेवढा एकच बघितला. मग म्हणाला, "हे बघ, मी रंगवलेला नाही. पण भंगारातून तस्साच दरवाजा शोधून देतो, फुकट बसवून देतो." मी म्हटलं, "म्हणजे दुसऱ्या कुणाचा दरवाजा? माझी ताई तिकडे लोकांचा दरवाजा घेऊन फिरणार? उद्या तो माणूस तिकडे भेटला आणि म्हणाला, बाई, हा माझा, तर?" व्हिओरेल म्हणाला, "हा विचार मी केला नव्हता." गोगूकाका म्हणाले, "आता परत जाऊ या का?"

तर व्हिओरेल नाही. मग कोण? मी सांदूकडे गेलो. सांदू पत्रा ठोकतो, रंग मारतो, पंचक्रोशीत ज्याची गाडी चेपली तो सांदूकडे. मला बघून सांदू गाडीखाली गेला. म्हणजे चक्क आडवा होऊन गाडीखाली! मी पण आडवा झालो. "सांदूदादा, दरवाजा कुणी रंगवला?" "कुठला दरवाजा?" "तुला माहीत नाही?" "मला काय माहीत? मी माझं काम करतो." आणि तिथे पडल्या पडल्या, गाडीच्या चाकांमधून मला पलीकडे काय दिसावं? त्याच्या कुत्र्याचं घर! निळं! लग्नाला निघालेलं निळं!

"सांदू! कुत्र्याचं घर कसल्या रंगाचं आहे?"

"आकाशी."

"आकाशी नाही! तो आमच्या दरवाजाचा रंग आहे! उरलेला रंग कुत्र्याला मारलास!"

सांदूने गाडीखालूनच क्रूस केला, डोकं आपटलं, शिवी दिली, शिवी दिली म्हणून पुन्हा क्रूस केला. "फानेल, तुझे पाय धरतो, पाच दिवस राहिलेत, पाच दिवस दम धर. ती ऐकतेय."

आता कुणालाही कळलं असतं. तुम्हाला कळलंय, मला दिसतंय तुमच्या तोंडावर. पण माझं डोकं! मी काय विचार केला असेल? मी विचार केला, हा सांदू व्हिओरेलला सामील! व्हिओरेलने फुटकी गाडी आधी गुपचूप आमच्याच गावात आणली, सांदूकडून रंगवून घेतली, परत क्रायोव्हाला नेली आणि आम्हालाच विकली! हे मी पाद्रीबाबांना सांगितलं, पोस्टात सांगितलं, पावाच्या दुकानात रांगेत उभं राहून सांगितलं, आणि सगळ्यांना विचारलं, दरवाजा कुणी रंगवला? आणि जो तो आधी वर बघतो, मग क्रूस करतो, मग म्हणतो, "आज पाव गरम आहे." पेत्रुत्साकडे गेलो, जिला गाडी मिळायची तिच्याकडे. म्हटलं, "तू रोज तिच्या शेजारी बसायचीस, तुला काही दिसलं नाही?" तर ती रडायलाच लागली. रडता रडता म्हणाली, "मला नको गाडी." आणि दार लावून घेतलं. आणि माझी बोंब आईच्या कानावर गेली. जाणारच की, सगळ्या गावाच्या गेली! आईने काय केलं? फक्त कप पुन्हा तपासायला घेतले.

एकोणचाळिसावा दिवस. उद्या साठ माणसं जेवायला, म्हणून मी अंगणात अक्रोडाखाली लांब टेबलं मांडत होतो. आमच्याकडे ईस्टरच्या आधी झाडांच्या बुंध्यांना चुना मारतात, सगळेच मारतात, मीही मारला होता, आणि ऑगस्टपर्यंत तो पावसाने पार उडून जातो, प्लमचा उडालेला, चेरीचा उडालेला. आणि अक्रोड? अक्रोड पांढराफेक! एकटाच! टेबलाची कड त्याला घासली आणि चुन्याची एक खपली पडली. आणि मला आठवलं. जूनमध्ये मी इथे वाळूवर, कलिंगडांच्या राखणीला, फक्त शनिवारी आंघोळीला घरी. आई मठात गेलेली, सेंट पीटरच्या उपवासात तीन दिवस. मी घरी आलो, तर ताई भर उन्हात एकटी अक्रोडाला चुना मारतेय, हाताला चुना, नाकाला चुना. मी म्हटलं, "ताई, ईस्टर होऊन गेला!" तर म्हणाली, "मुंग्या लागल्यात रे." मी म्हटलं, एकाच झाडाला? ती म्हणाली, "तू आंघोळ कर, घाण वास मारतोयस." गाडी कुठे म्हटलं, तर म्हणाली, पेत्रुत्सा घेऊन गेलीय. मी आंघोळ केली.

मी नखाने चुना खरवडला. आणखी खरवडला. आणि खाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, सालीत घुसलेला... निळा.

साधा निळा. आमचा, जुना, ईस्टरचा निळा.

मी खाली बसलो. आणि तुम्हाला सांगतो, मला रडू यायला हवं होतं, चाळीस दिवस मी वाट बघत होतो रडू येण्याची, आणि मला आलं हसू! मला ती दिसायलाच लागली हो! मागे घेतेय गाडी, मान बाहेर काढून, डावीकडे बघतेय आणि उजवीकडे वळवतेय, तिसऱ्या खेपेचं लायसन, आणि कर्रर्र! आणि मग, "अगं आई गं, अगं आई गं, आई मारेल, जोयाना येईल, पेत्रुत्सा, बघ ना किती लागलंय, नाही, नको बघूस, सांगू नकोस, कुणालाच सांगू नकोस!" आणि आईला मठातून यायला तीन दिवस, आणि सांदूला दिवसरात्र कामाला लावलेलं, आणि इकडे झाडाला चुना! केवढी डोकेबाज! आणि मग रोज संध्याकाळी, "ओरखडा?" "नाही, आई." "शपथ?" "शपथ, आई." आणि आईचा हात त्या गुळगुळीत पुट्टीवरून फिरतोय... हसलो, हसलो, आणि हसता हसता ते दुसरं सुरू झालं, आणि थांबेना.

तर दरवाजा कुणी रंगवला ते मला कळलं. पण सांगितलं कुणी? कुणीच नाही! साऱ्या गावाला माहीत, गोगूकाकांना माहीत, कुत्र्याला माहीत, पण चाळीस दिवसांत गेलेल्याची चुगली करायची नाही, ती घरात आहे, ऐकतेय, आणि तिच्या आईच्या घरात तिला खोटारडी कोण ठरवणार? मी मात्र दहा दिवस तिच्याच नाकासमोर बोंबलत हिंडत होतो! ती आढ्यावर बसून कपाळ बडवून घेत असेल. "या गाढवाला कुणीतरी गप्प करा!"

आणि आता? आता मी काय करू, सांगा! गप्प बसलो तर आई धड म्हणून फुटकी गाडी देणार, आणि ताईला तिकडे फुटकी पोचणार. खरं सांगितलं तर आई म्हणणार, माझ्या पोरीने शपथ घेऊन माझ्या तोंडावर खोटं सांगितलं, रोज, महिनाभर... आणि पोर निघालीय, आता भांडून मिटवायलाही नाही.

चाळिसावा. सगळे आले. पाद्रीबाबांनी टेबलं आशीर्वादली, कप वाटले, चौतीसच्या चौतीस, कडा गुळगुळीत. मग गाडी. बॉनेटवर पाव, पावात मेणबत्ती खोचलेली, आरशाला नवा टॉवेल बांधलेला, पेत्रुत्सा समोर उभी, तोंड पांढरं, आणि आईच्या हातात किल्ली. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडायला हात उचलला आणि आई म्हणाली, "थांबा."

सगळे थांबले. आई माझ्याकडे वळली. "फानेल. दहा दिवस तू गावभर ओरडतोयस या दरवाजावरून. आता इथे सगळ्यांसमोर सांग. गाडी धड आहे की नाही? मी माझ्या लेकीला तुटकं देणार नाही."

गोगूकाका बुटांकडे बघायला लागले. सांदू आभाळाकडे. पेत्रुत्साने डोळे मिटले. मेणबत्ती तडतडतेय, साठ माणसं, आणि चमचा वाजेल तर शपथ. आणि मी विचार केला का? मी कधी विचार केलाय? माझं तोंडच उघडलं.

"धड नाही," मी म्हटलं. "मी ठोकली."

"काय?"

"जूनमध्ये. तू मठात होतीस. ताई नदीवर गालिचे धुवायला गेली होती. मी किल्ली घेतली, म्हटलं जरा मागे घेऊन बघू, आणि अक्रोडावर घातली. मग सांदूकडून रंगवून घेतली. ताईला... ताईला कधी कळलंच नाही. मग मलाच खायला लागलं, आता दान द्यायची म्हणून, आणि लोकांवर ओरडत सुटलो."

आता तुम्हाला वाटेल, कुणी दचकलं असेल. एखाद्याने तरी म्हटलं असेल, नाही हो, फानेल असं करणार नाही! एक जण नाही! साठ माणसांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ते लगेच पटलं सगळ्यांना! मागून एक म्हातारी म्हणाली, "मला वाटलंच होतं." गोगूकाका म्हणाले, "याच्या हातात हातगाडीसुद्धा देऊ नये." आणि सांदू! ज्याने ताईकडून पैसे घेतले, स्वतःच्या हाताने घेतले, तो सांदू पुढे येऊन म्हणतो, "मी याला तेव्हाच म्हटलं होतं, गाढवा, आईला सांग!" हे मला म्हणतो! माझ्या तोंडावर! आणि डोळ्यांत पाणी आहे त्याच्या, म्हणून मी त्याला तिथेच आडवा केला नाही.

आईने आरशाचा टॉवेल सोडला आणि त्यानेच मला बडवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा हळू. मग टॉवेल पुन्हा आरशाला बांधला, गाठ सरळ केली आणि विचारलं, "बाबा, आता काय? तुटकं आहे हे."

पाद्रीबाबांनी दाढी खाजवली, माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "लपवून दिलं असतं तर तुटकं. याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सांगून दिलेलं धडच पोचतं." हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय मला माहीत नाही, मी वाचलेलं नाही, मी काहीच वाचलेलं नाही, पण आईला पटलं. तिने किल्ली पेत्रुत्साच्या हातात ठेवली. पेत्रुत्सा म्हणाली, "बोग्दाप्रोस्ते," म्हणजे देव तिला माफ करो, पोचलं तिला. आणि जाता जाता माझा हात असा दाबला की दोन दिवस बोटं दुखत होती.

मग सगळे जेवले. मी बादल्या भरत होतो. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली, माझ्या शर्टाच्या कॉलरवरचं काहीतरी झटकलं आणि म्हणाली, "ठोकलीस ना, तर निदान ओर्तान्साला तरी सांगायचंस रे. तिने केली असती दुरुस्त. मला पत्ता लागू दिला नसता."

मी म्हटलं, "हो, आई. चुकलं माझं."